तेत्सुगारची डावी मूठ

६ ऑक्टोबर, तानाशी

शिगेकी,

तेत्सुगारच्या मुठींचे रंग बदलणार, हे आता नक्की झालं. जोडणीच्या दृश्यात त्याची डावी मूठ लाल दिसते ती निळी करणार आणि उजवी निळी दिसते ती लाल. जुनी फिल्म साफ करून ती कार्टून मालिका नव्याने बाजारात आणणाऱ्या कंपनीत कान्बे नावाच्या बाई आहेत. त्यांनीच काल दुपारी मला फोनवर सांगितलं.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. तू कुशिरोच्या बंदरात राहायला गेल्यापासून नवीन वर्षाच्या कार्डापलीकडे आपलं लिहिणं नाही, आणि ही तर रोबोची बातमी. पण आपल्या घरात हा विषय कधी निघत नाही, म्हणून तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते. मलाच ते एकदा कागदावर बघायचं असेल.

त्या वर्षी, म्हणजे १९७७ साली, आपल्या गल्लीतल्या बऱ्याच बायका घरबसल्या कार्टूनचे रंग भरायच्या. आईच्या बैठ्या टेबलावर बाटल्यांची रांग, बोटं कापलेला पांढरा हातमोजा, आणि सगळ्या घराला रंगाचा वास. बाबा घड्याळाच्या कारखान्यातून आले की आधी खिडकी उघडायचे. तेत्सुगारच्या जोडणीचं दृश्य एकदाच काढलं होतं आणि दर शनिवारी तेच वापरायचे, वर्षाचं उमेबोशीचं लोणचं एकदाच मुरत घालावं तसं. पाच यंत्रं आकाशात उडतात, एकमेकांत अडकतात, शेवटी दोन मुठी येऊन मनगटांवर बसतात. त्या मुठींच्या पारदर्शक शीट आईकडे आल्या होत्या, आणि रंग उलटे भरले गेले. लढाई सुरू झाली की मुठी बरोबर. पुढच्या शनिवारी जोडणी आली की पुन्हा उलट्या. शेवटच्या भागापर्यंत हेच.

तू चौथीत होतास. वर्गात सांगितलंस, त्या मुठी माझ्या आईने रंगवल्यात. मुनेता आणि त्याची टोळी खात्री करून घ्यायला दारात आली. आई ॲप्रनखाली हात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी? छे रे पोरांनो. मी स्वेटर विणते."

मी जिन्यावर होते. तू बुटांच्या कपाटाशी, माझ्याकडे पाठ करून. तुझं नाव थापाड्या पडलं ते शाळा संपेपर्यंत, मीही ऐकलंय.

तर कान्बेबाईंनी फोन केला तो वेगळ्याच कामासाठी. मी आपल्या भागाचं पत्रक काढते, त्यात जुने फोटो छापते, म्हणून त्यांना वाटलं की त्या काळी रंग भरणाऱ्या बायकांपैकी कुणी हयात असेल तर मला ठाऊक असेल. मी म्हटलं, चौकशी करून सांगते. आईचं नाव ओठांवर आलं, पण सांगितलं नाही.

मूठ मात्र मी बदलू देणार नाही. तेत्सुगारच्या चाहत्यांनी विरोध सुरू केलाच आहे, मीही सह्या गोळा करतेय. आईच्या हातचं पडद्यावर उरलेलं तेवढंच तर आहे. तू सही करावीस म्हणून लिहीत नाही. बातमी म्हणून कळवलं.

आईचा गुडघा बरा आहे. पायऱ्या उतरताना त्रास होतो, चढताना नाही. ती म्हणते, नशीब उलटं नाही.

ताई

१५ ऑक्टोबर

शिगेकी,

तुझं कार्ड आलं. "मूठ लाल असो की निळी, मला फरक पडत नाही. गुडघ्याला पट्टा घ्या, इथे बोटीवरचे लोक वापरतात तो चांगला असतो." बरं. पट्टाही आला, आईने लगेच बांधला. पण तुला फरक पडत नसला तरी पुढचं ऐकच.

परवा आईला सांगितलं. ती संत्रं सोलत होती. मी हळूहळू विषय काढला, की तेत्सुगार पुन्हा येतोय आणि मुठींचे रंग बदलणार आहेत. तिचे हात थांबले. मी रुमाल शोधायला लागले.

"सुटले बाई एकदाची!" ती म्हणाली.

"सुटले म्हणजे?"

"सुटले म्हणजे सुटले. किती वर्षं लावली मेल्यांनी!"

"अगं, पण ते तुझं काम पुसून टाकणार."

"काम कसलं, घोळ आहे तो. तुझ्या पत्रकात चूक छापली गेली तर पुढच्या अंकात सुधारतेस ना? का ती चौकटीत बसवून भिंतीला लावतेस?"

मग मला सांगावं लागलं की मी सह्या गोळा करतेय. ती संत्र्याची फोड तोंडात टाकता टाकता थांबली.

"कुणाकुणाच्या घेतल्यास?"

"ग्रंथालयातल्या लोकांच्या. भाजीवालीची. मुनेतानेही दिली."

"मुनेता? तो लाँड्रीवाला?"

"हो. वर लिहूनही दिलंय त्याने, की ही आमच्या लहानपणीची मूठ आहे, हात लावू नका."

"कुणी रंगवली ते सांगितलंस त्याला?"

"नाही."

"हं," ती म्हणाली, आणि ती फोड माझ्याच हातात ठेवून आत गेली.

जेवणानंतर आपण होऊन बोलली. मी कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. शीटवर रेघा पुढून असतात आणि रंग मागून भरायचा. उलटलं की उजवा हात डावीकडे जातो. आधी ज्यांचं काम यायचं ते रंगाचा नमुनाही उलटवूनच द्यायचे, बायकांना सोपं जावं म्हणून. तेत्सुगारचं काम नव्या लोकांकडून आलं. त्यांनी नमुना सरळ दिला आणि आई सवयीने तो उलटवलेलाच समजली. बाकी सगळा रोबो दोन्ही बाजूंनी सारखाच, फक्त मुठी वेगळ्या, त्यामुळे कुठे काही खटकलं नाही. माल न्यायला गाडी दारात उभी होती. तपासणाऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा फिल्म निघून गेलेली. तिसऱ्या भागापर्यंत नव्याने काढू म्हणाले. कोण काढतंय! दर शनिवारी पुढचा भाग छातीवर बसलेला.

"तुला कुणी बोललं का?" मी विचारलं.

"कुणी अवाक्षर काढलं नाही. तेच तर. बोलले असते तर एकदा वाकून माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. त्याऐवजी स्टेशनजवळच्या खेळण्यांच्या दुकानात पोस्टर लागलं. तेही जोडणीचंच, डावी मूठ लाल. मी वर्षभर मागच्या रस्त्याने बाजारात जायची."

ते मलाही आठवलं. आपल्याला वाटायचं, मागच्या रस्त्याला तोफू स्वस्त मिळतो.

आणि मग, शिगेकी, तिने हे सांगितलं: "ती पोरं दारात आली ना, मला वाटलं चूक कुणाची ते विचारायला आलीत."

इतकी वर्षं मी समजत होते की घरी काम करावं लागतं याची तिला लाज वाटली. आज पत्र इथेच संपवते. मला सह्यांचं काय करायचं ते ठरवायचंय.

ताई

२८ ऑक्टोबर

शिगेकी,

तू विचारलंस, आई नेमकं काय म्हणाली, शब्द तेच होते का. तेच होते. "चूक कुणाची ते विचारायला आलीत." मी एकही बदललेला नाही. तुझं पत्र या वेळी अर्धं पान होतं, आणि त्यात माशांचा भाव नव्हता, हे मी पाहिलं. आईला दाखवलं नाही.

आता पुढचं. कान्बेबाई काल घरी येऊन गेल्या. मी बोलावलं नाही. आईने माझ्या फोनवरून त्यांना स्वतः फोन केला, मी आंघोळीला गेले होते तेव्हा. "मी सेनो तोकिए बोलतेय. तुमच्या मुठी मी रंगवल्या." एवढंच म्हणाली म्हणे, आणि पत्ता दिला.

कान्बेबाई असतील तिशीच्या. येताना एक शीट घेऊन आल्या होत्या, कुणा चाहत्याने जपलेली, कागदांच्या थरांत गुंडाळलेली. त्यांची अडचण अशी: कंपनीचा नियम आहे की दिग्दर्शकाच्या मनात होतं ते ठेवायचं, हाताची चूक असेल ती सुधारायची. दिग्दर्शक गेले. चाहते शपथेवर सांगतात की मुठी मुद्दाम बदलल्यात, जोडणीच्या वेळी ताकद एका हातातून दुसऱ्यात जाते. त्यावर त्यांनी जाडजूड पुस्तिकाही छापलीय. म्हणून कंपनीने ठरलेला बदलही मध्येच थांबवून धरला होता. खरं काय ते सांगणारं कुणी हवं होतं.

म्हणजे सगळं आईच्या एका शब्दावर आलं. गप्प बसली असती तर लाल मूठ कायमची राहिली असती, वर कुणा मोठ्या माणसाची कल्पना म्हणून. मी चहा ओतता ओतता तिच्याकडे बघत होते. खरं सांगू? मला वाटत होतं की तिने गप्प बसावं.

आईने शीट हातात घेतली, आधी उलटवली आणि मागून बघितली. रंग तडकलाय, पण आहे.

"माझीच," ती म्हणाली. "कडेला रंग फुगू द्यायचा नाही म्हणून मी ब्रश असा आत ओढायची. आणि हे मुद्दाम वगैरे काही नाही. सरळ नमुना उलटवलेला समजले मी."

"सेनोबाई, तुमची खात्री आहे?"

"इतकी वर्षं झोपताना तेच दिसतंय, आणखी किती खात्री पाहिजे?"

कान्बेबाईंनी शीट पुन्हा कागदांत गुंडाळली. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांकडे तेत्सुगारचं खेळणं होतं. त्याच्या मुठी काढून अदलाबदल करता यायच्या. ते सांगतात, त्या खेळण्याची मजा तीच होती."

"काढून? अशा का केल्या?"

"मुलांची पत्रं यायची ना. मुठी का बदलतात, मुठी का बदलतात. खेळणी कंपनी म्हणाली, मग बदलता येतील अशाच करू."

आईने डोळे बारीक केले. "म्हणजे माझा घोळ विकला त्यांनी?"

"हो आजी. आणि चांगला खपला."

आई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढून पुसावा लागला. कान्बेबाईही हसत होत्या. मी एकटीच किटली धरून उभी. सेनोबाईंची आजी कधी झाली ते दोघींनाही कळलं नसेल.

जाताना कान्बेबाईंनी विचारलं, "मग सुधारू ना?"

"सुधारा. मी मरायच्या आत सुधारा. डावी निळी. आणि निळा तो गडद नको हं, त्या वेळचा जरा राखट होता. पडद्यावर आला की उठून दिसायचा."

मी सह्यांचा गठ्ठा कपाटात ठेवून दिलाय. भाजीवालीला काय सांगायचं ते बघते.

ताई

९ नोव्हेंबर

शिगेकी,

हे तुला कळवायचं नाही, असं आईने मला बजावलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

कान्बेबाईंकडून काल निरोप आला. सगळ्या भागांत मुठी सुधारणार. जुनी, उलट्या मुठींची जोडणी शेवटच्या डिस्कवर पुरवणी म्हणून ठेवणार, ज्याला हौस असेल त्याने बघावी. ही तोड आईनेच सुचवली होती. चाहते कुरकुरले, पण पुस्तिका लिहिणाऱ्या गृहस्थांनी आईला पत्र पाठवलंय: "आमचा तर्क चुकला, पण इतकी वर्षं आनंदात गेली, त्याबद्दल आभार." आई म्हणते, माणूस बरा दिसतो, याला उत्तर दे.

तेवीस तारखेला, कामगारांचे आभार मानायच्या सुट्टीला, आपल्या नगरभवनात पहिला भाग दाखवणार आहेत. आईने मंचावर येऊन दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा. आधी ती नाहीच म्हणाली. गुडघा, मग केस, मग "माझ्याकडे नेसायला काय आहे". कान्बेबाईंनी सांगितलं की मंचावर चढायला उतरण आहे, पायऱ्या नाहीत. आईने विचारलं, "लोक कोण येणार? इथलेच?" इथलेच बरेच, त्या म्हणाल्या.

"मग येते."

दुसऱ्या दिवशी बाबांचा जुना कोट पिशवीत घालून ती मुनेताच्या लाँड्रीत गेली. मी पिशवी धरायला बरोबर. मुनेताचं पोट सुटलंय, केस गेलेत, पण हसणं तेच, वर्गाच्या शेवटच्या बाकावरचं.

"आजी, हा कोट कोण घालणार?"

"कोण घालतंय ते नंतर बघू. तू तेवीसला दुकान बंद ठेव."

"सुट्टीलाच तर धंदा असतो आमचा!"

"चौथीत असताना माझ्या दारात आला होतास. आठवतं का?"

"मी कुणाच्या दारात गेलो नाही, आजी? घंटा वाजवायची आणि पळायचं."

"त्या दिवशी पळाला नव्हतास. उभा राहून एक प्रश्न विचारलास. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय." आणि तिने नगरभवनाचं तिकीट काउंटरवर, इस्त्रीच्या शर्टांवर ठेवलं. "पहिल्या रांगेत बस. मागे बसलास तर नावाने हाक मारीन."

मुनेता तिकिटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याला कळलं असावं. त्याने टोपी काढली. "शिगेकी येणार आहे का?" त्याने मला विचारलं.

आईनेच उत्तर दिलं. "त्याला सांगितलेलं नाही. लांब राहतो, कामं असतात. आणि आला तर संकोचेल. मला सांगायचंय ते इथल्या लोकांना. थापाड्या त्याला कुशिरोने नाही केलं, आपण केलं."

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला, गुडघ्यासाठी. स्टेशनच्या कोपऱ्यावर भाजलेली रताळी घेतली, एक तिथेच उभ्याने खाल्लं. म्हणाली, या रस्त्याला रताळी जास्त गोड असतात, उगीच मागून जायची मी.

मुनेताने त्याची सही परत मागितली आहे. म्हणतो, आजी म्हणेल तो रंग.

बस, एवढंच. मी तुला काही कळवलेलं नाही.

ताई

१९ नोव्हेंबर

शिगेकी,

तू काल दुपारी फोन केलास आणि तो आईने उचलला. तिने मला सगळं सांगितलं: तिकडे बर्फ पडायला लागलंय, इंजिनांची कामं साचलीत, पट्टा कसा आहे विचारलंस. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, हानेदा विमानतळाहून किचिजोजीला जाणारी बस अजून आहे का.

"हे का विचारत होता तो?" आईने मला विचारलं.

"सहज असेल," मी म्हटलं.

"सहज," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठून बाबांचा कोट लाँड्रीच्या पिशवीतून काढला, दारामागच्या खुंटीला लावला आणि बाही ओढून लांबी बघितली. "तो बाबांपेक्षा उंच आहे, नाही का?" एवढं बोलून भात लावायला गेली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: बस आहे. किचिजोजीहून इकडे यायला दुसरी मिळते, ती नगरभवनाच्या समोरच थांबते. दारं दोनला उघडतील. पहिल्या रांगेत मुनेता बसेल, त्याच्या शेजारची खुर्ची मी कुणाला दिलेली नाही. तो तुला बघून काय बोलेल सांगता येत नाही. मला विचारत होता, लहानपणीच्या गोष्टीची माफी मागायला काय न्यावं, बिस्किटं की साके. मी साके म्हटलं.

आधी कान्बेबाई थोडं बोलतील. मग त्या आईला उतरणीवरून वर नेतील. खुर्ची ठेवणार आहेत, पण ती उभी राहीन म्हणते. भाषण लिहून देऊ का विचारलं तर नको म्हणाली. पहिलं वाक्य पक्कं आहे, पुढचं सुचेल तसं. ते वाक्य ती भांडी घासताना म्हणून बघते. नळ चालू असला की मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं: "माझा धाकटा मुलगा शिगेकी चौथीत असताना खरं बोलला होता. खोटं मी बोलले."

त्यानंतर दिवे मालवतील. पाच यंत्रं वर जातील, आणि मुठी पहिल्यांदा आपापल्या रंगात येऊन बसतील.

ताई